‘श्वास’ संपतो तिथून पुढे

‘श्वास’ पाहिलेल्या कुणालाही विचारा, काय आठवतं? बहुतेकांना शेवट आठवतो. काळा चष्मा घातलेला परशा होडीतून गावाकडे परततो आहे, शेजारी आजोबा आहेत. मुलगा वाचला, डोळे गेले. आपण डोळे पुसतो आणि सिनेमा संपला असं समजतो. माझं म्हणणं असं की, त्या मुलाच्या आजाराची निम्मी गोष्ट तिथून पुढे सुरू होते आणि आपल्या सिनेमाला, साहित्याला ती सांगायची सवय नाही.

तुमच्यापैकी अनेकजण हा सिनेमा आला तेव्हा फार लहान असाल, काहीजण जन्मलेही नसाल. म्हणून थोडक्यात. संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ २००४ मध्ये आला. माधवी घारपुरे यांच्या कथेवर तो बेतलेला आहे. ‘श्यामची आई’ला १९५४ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं होतं, त्यानंतर हा मान मिळवणारा दुसरा मराठी चित्रपट ‘श्वास’ ठरला, आणि त्याला मध्ये तब्बल पन्नास वर्षं गेली. ऑस्करसाठी भारताकडून अधिकृतपणे पाठवला गेला तोही हाच. गोष्ट साधी. कोकणातले आजोबा (अरुण नलावडे) नातवाला, परशाला (अश्विन चितळे) घेऊन शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात येतात. डॉक्टर साने (संदीप कुलकर्णी) निदान करतात: दोन्ही डोळ्यांत कॅन्सर. जीव वाचवायचा तर ऑपरेशन करावं लागेल आणि ऑपरेशननंतर परशाला कधीच दिसणार नाही. डॉक्टरांचा आग्रह आहे की, ऑपरेशनच्या आधी हे मुलाला सांगितलंच पाहिजे. हॉस्पिटलातली समाजसेविका आसावरी (अमृता सुभाष) मध्ये पडते. आजोबांची जीभ उचलत नाही. शेवटी आजोबा नातवाला उचलून हॉस्पिटलाबाहेर नेतात, जग डोळे भरून दाखवायला.

सिनेमाचं बळ कशात आहे? तो रडवतो, पण ते त्याचं खरं बळ नव्हे. मराठीत रडवणाऱ्या सिनेमांची वाण कधीच नव्हती. ‘श्वास’ने एक नैतिक प्रश्न मध्यभागी ठेवला: लहान मुलाला त्याच्या शरीराबद्दलचं सत्य कळायचा हक्क आहे का? आपल्याकडे आजही ऐंशी वर्षांच्या आजीलाही तिचा कॅन्सर सांगत नाहीत, ‘गाठ आहे, निघून जाईल’ म्हणतात. तिथे एका शाळकरी पोराला सत्य सांगण्यावर अख्खा सिनेमा उभा करणं हे धाडस होतं आणि आजही आहे. म्हणूनच या सिनेमाला त्याच्याच फूटपट्टीने मोजावंसं वाटतं. सत्य सांगायचं, पण कुठलं? आणि किती वेळा?

आता त्या आजाराकडे बघू. रेटिनोब्लास्टोमा म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचा कॅन्सर. साधारण पंधरा ते वीस हजार मुलांत एकाला होतो. भारतात दरवर्षी सुमारे १५०० मुलांना तो होत असावा असा अंदाज दिला जातो. बहुतेक वेळा वयाच्या पाच वर्षांच्या आतच तो उघड होतो. पहिली खूण आईबापांनाच दिसते: बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक, अंधारात मांजरीच्या डोळ्यावर उजेड पडावा तशी. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा दिसला, तर तो फोटो डिलीट न करता डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचा असतो.

या आजाराचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात बिघाड फक्त डोळ्यातल्या एका पेशीत होतो, एकाच डोळ्यात गाठ येते. दुसऱ्या प्रकारात बिघाड मूल जन्मतानाच त्याच्या सगळ्या शरीरात असतो. बिघडलेल्या जनुकाचं नाव आरबी-१. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. पेशीला ‘थांब, आता वाढू नकोस’ असं सांगणारा हा ब्रेक आहे. एक ब्रेक निकामी झाला तरी दुसरा काम करतो. पण काही मुलं जन्मतःच एका ब्रेकवर असतात. १९७१ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड नूडसन या डॉक्टरांनी अवघ्या ४८ रुग्णांच्या नोंदी तपासून हे सूत्र मांडलं की, कॅन्सर व्हायला दोन ठोकर लागतात; आनुवंशिक प्रकारात पहिली ठोकर आधीच बसलेली असते. जनुक प्रत्यक्ष हाती लागलं १९८६ मध्ये. आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: दोन्ही डोळ्यांत गाठ असेल, तर तो आजार जवळजवळ नेहमीच दुसऱ्या, आनुवंशिक प्रकारातला असतो.

परशाच्या दोन्ही डोळ्यांत गाठ आहे.

म्हणजे कथेने स्वतःच, बहुधा नकळत, सांगून टाकलंय की हा बिघाड परशाच्या फक्त डोळ्यांत नाही. तो त्याच्या हाडांत आहे, कातडीत आहे, स्नायूंत आहे. डोळे काढल्याने डोळ्यांतला कॅन्सर जातो, एका ब्रेकवर चालणारं शरीर तसंच राहतं. आणि इथेच किरणांचा प्रश्न येतो.

कॅन्सरच्या वॉर्डात त्याला कुणी ‘रेडिएशन’ म्हणत नाही. ‘शेक चालू आहे’, ‘लाईट घ्यायला आलोय’ असं म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रेटिनोब्लास्टोमावर क्ष-किरण वापरले गेले आणि पुढची अनेक दशकं डोळा वाचवायचा मुख्य उपाय तोच होता. डोळा वाचला, नजर काही प्रमाणात वाचली, घरी आनंद झाला. मग पंधरा, वीस, तीस वर्षांनी त्यातल्या काही मुलांना, आता तरुण झालेल्या, पुन्हा कॅन्सर झाला. बऱ्याचदा नेमका तिथेच, जिथून किरण गेले होते: डोळ्याच्या खोबणीचं हाड, कानशील, नाकाच्या आतला भाग. किरणांमुळे डीएनएच्या दोन्ही पट्ट्या तुटतात. तुमच्या-माझ्या पेशीत दोन ब्रेक असल्याने एक नादुरुस्त झाला तरी निभावतं. या मुलांच्या पेशीत उरलेला एकच ब्रेक किरणांनी तोडला की गाडी उतारावर सुटते.

आकडे बघा. न्यूयॉर्क आणि बॉस्टनमध्ये उपचार झालेल्या १६०१ रुग्णांचा पाठपुरावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आजाराच्या निदानानंतर ५० वर्षांत नवा कॅन्सर होण्याचं प्रमाण आनुवंशिक प्रकारात सुमारे ३६ टक्के होतं, तर दुसऱ्या प्रकारात सहा टक्क्यांहून कमी. आनुवंशिक गटातही ज्यांना किरण दिले त्यांच्यात सुमारे ३८ टक्के, ज्यांना दिले नाहीत त्यांच्यात २१. हे जुन्या पद्धतीच्या उपचारांचे आकडे आहेत. १९९० च्या दशकापासून डॉक्टरांनी या मुलांना बाहेरून किरण देणं शक्य तितकं टाळायला सुरुवात केली. केमोथेरपी, लेझर, गोठवून गाठ मारणं असे मार्ग पुढे आले. पण शेवटचा आकडा पुन्हा वाचा. किरण दिले नाहीत तरी २१. म्हणजे धोका किरणांनी निर्माण केला नाही, वाढवला. मूळ धोका जन्माचा सोबती आहे.

हे कळल्यावर ‘श्वास’मधलं क्रूर वाटणारं ऑपरेशन वेगळं दिसू लागतं. डोळे काढणं ही सिनेमातली सगळ्यात मोठी हानी. पण शेक देऊन डोळे वाचवले असते, तर याच मुलासाठी तो सौदा पुढे महागात पडू शकला असता. सिनेमा तुमच्यापुढे ‘डोळे की जीव’ असा एकच तराजू धरतो. खरा तराजू तीन पारड्यांचा होता: डोळे, आजचा जीव आणि वीस वर्षांनंतरचा जीव. तिसरं पारडं पडद्यावर येत नाही. आनुवंशिकता हा या कथेचा विषय होतच नाही.

यावर लगेच येणारा आक्षेप मला मान्य आहे. सिनेमा म्हणजे आरोग्य खात्याची माहितीपुस्तिका नव्हे. जनुकाचा तक्ता दाखवला नाही म्हणून कलाकृतीला गुण कमी देणं हा वेडेपणा होईल. पण माझा मुद्दा माहितीचा नाही, सत्याचा आहे, आणि सत्य हा ‘श्वास’चा स्वतःचा विषय आहे. सिनेमा सत्य सांगण्याला एक प्रसंग मानतो. ऑपरेशनच्या आधी एकदा, जड जिभेने, ते सांगायचं. सांगितलं की नैतिक हिशेब पूर्ण. या आजारात तसं होत नाही.

परशाच्या वयाकडे बघा. तो बोलतो, प्रश्न विचारतो, समजतो. दोन्ही डोळ्यांचा रेटिनोब्लास्टोमा बहुतेक मुलांत साधारण वर्षभराच्या वयात सापडतो. परशाच्या वयात सापडणं अशक्य नाही, विरळ आहे. कथेला असाच मुलगा हवा, कारण सत्य सांगण्याचं नाट्य समजणाऱ्या मुलाशिवाय घडू शकत नाही. पण ज्या घरांत हा आजार खरोखर येतो, तिथे बहुतेकदा पेशंट आईच्या कडेवर असतो. त्याला काय सांगणार? तिथे सत्य नंतर सांगावं लागतं, हप्त्याहप्त्याने. सहाव्या वर्षी: तुझा डोळा काचेचा का आहे. बाराव्या वर्षी: पाय सतत दुखला, गाठ लागली तर लपवायचं नाही. सोळाव्या वर्षी: सिगारेट-तंबाखू इतरांना वाईट, तुला दुप्पट वाईट, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलास तर सीटी स्कॅनच्या आधी तुझा जुना आजार सांग, एमआरआय किंवा सोनोग्राफीने भागत असेल तर तेच आधी करतील. पंचविसाव्या वर्षी: तुझ्या प्रत्येक मुलाला हे जनुक मिळण्याची शक्यता निम्मी आहे, म्हणून बाळाचे डोळे जन्मल्याबरोबर तपासायचे. एवढे प्रसंग. ‘श्वास’मध्ये त्यातला एकच आहे, आणि तो सगळ्यात सोपा आहे असं म्हणवत नाही, पण शेवटचा नक्कीच नाही.

आता कोकणातून मराठवाड्यात येऊ, कारण हे हप्ते कुठल्या जमिनीवर फेडायचे हेही बघायला हवं. मी ‘श्वास’ पुन्हा पाहिला तो बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीत, मोबाइलवर. परळी-अंबाजोगाईच्या पट्ट्यातलं हे गाव; चालुक्यांच्या काळातलं केदारेश्वराचं मंदिर आणि किल्ला यांच्यामुळे इतिहासाच्या पोरांना माहीत असेल. समजा परशा इथला असता. अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. कॅन्सरसाठी लोक लातूरला, बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलला, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातात. जनुकाचा सल्ला घ्यायचा तर टाटा मेमोरियलचं परळ नाहीतर खारघर. परळी ते परळ हा एका वेलांटीचा फरक आहे, प्रवास मात्र अख्ख्या रात्रीचा.

अंतर हा तरी मोजता येणारा अडथळा. न मोजता येणारा दुसरा. या भागातली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्यात परततात. ‘दर सहा महिन्यांनी दाखवायला या’ असं कागदावर लिहिलेलं असतं, तेव्हा कोयता बाहेरगावी असतो. सोबत नेलेली फाइल पावसात भिजते, हरवते. पुढचा डॉक्टर नवा, त्याला आधीचं काही माहीत नाही. ज्या मुलासाठी ‘आधी काय झालं होतं’ हीच सगळ्यात मोलाची माहिती, त्याच्याकडे तीच नसते.

तिसरा अडथळा सोयरीक. ‘आनुवंशिक’ हा शब्द उच्चारला की इथे पहिला प्रश्न येतो: कुणाकडून आलं? आणि बोट सहसा सुनेकडे जातं. दुसरा प्रश्न: नात्यात लग्न केलं म्हणून का? मामाच्या, आत्याच्या घरी मुलगी देण्याघेण्याची रीत आपल्याकडे आहेच, त्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण या आजाराला त्याच्याशी देणंघेणं नाही. इथे एकाच बाजूची एक बिघडलेली प्रत पुरते. (नात्यातल्या लग्नाने धोका वाढतो तो दोन्ही बाजूंच्या प्रती बिघडाव्या लागतात अशा आजारांत. अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया हा त्यातला एक, आणि त्यातही किरण शरीराला फार बाधतात.) शिवाय आनुवंशिक प्रकार असलेल्या बहुतेक मुलांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो. बदल त्या मुलातच नव्याने झालेला असतो, आणि असा नवा बदल बहुतेक वेळा वडिलांकडून आलेल्या प्रतीवर सापडतो. यात वडिलांचाही दोष नाही. पेशींची नक्कल होताना राहिलेली ती चूक आहे. पण सुनेकडे गेलेलं बोट खाली आणायला एवढी एक ओळ पुरावी.

चौथा अडथळा सगळ्यात अवघड आणि तो बीडचाच. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण देशभर गाजलं. तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं सरकारने विधिमंडळात सांगितलं, चौकशी समिती नेमली गेली. अनेक बायकांनी सांगितलं ते एकच: ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ म्हणून भीती घातली होती. ज्या जिल्ह्यात कॅन्सरच्या शक्यतेचा असा धंदा झाला, तिथे ‘तुझ्या मुलाला पुढे कॅन्सर होण्याची शक्यता जास्त आहे’ हे वाक्य कुणी, कसं म्हणायचं? सांगणारा खरा असला तरी ऐकणाऱ्याला ते आधी ऐकलेल्या वाक्यासारखंच वाटणार. भीती आणि माहिती यांतला फरक शब्दांत नसतो. डॉक्टर पुढच्या वर्षीही तिथेच भेटणार आहे का, प्रश्न विचारला तर चिडणार आहे का, यात तो असतो. डॉ. साने आजोबांना वेळ देत नाहीत, मग आसावरी देते. ‘श्वास’ला हे नेमकं कळलं होतं. आसावरीचं पात्र या सिनेमातलं सगळ्यात दूरदृष्टीचं पात्र आहे. फक्त तिची नोकरी ऑपरेशनच्या दिवशी संपायला नको होती.

हा दोष एकट्या ‘श्वास’चा नाही. आपल्या कॅन्सरकथांना दोनच शेवट ठाऊक आहेत. एक ‘आनंद’चा: हसत हसत मरण. तो सिनेमा १९७१ चा, नूडसन यांचं सूत्र आलं त्याच वर्षीचा. दुसरा ‘श्वास’चा: काहीतरी गमावून जगणं. हा मोठाच पल्ला होता, कारण त्यात पेशंट जगतो. पण तिसरी गोष्ट, जगल्यानंतरची, अजून कुणी नीट लिहिलेली नाही. सिद्धार्थ मुखर्जी यांच्या ‘द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज’ (२०१०) या गाजलेल्या पुस्तकात रेटिनोब्लास्टोमा येतो, नूडसनही येतात. तिथे हा आजार कॅन्सरचं कोडं उलगडणारी किल्ली आहे. ती किल्ली ज्याच्या शरीरात आहे तो मुलगा पुढे कुठल्या शाळेत गेला, कुणाशी लग्न झालं, हा त्या पुस्तकाचा विषय नाही. तिथे जनुक आहे आणि परशा नाही. इथे परशा आहे आणि जनुक नाही. दोन्ही एका गोष्टीत आणणं हे काम मराठीतल्या एखाद्या लिहित्या मुला-मुलीची वाट बघतंय. त्यासाठी प्रयोगशाळा दाखवायची गरज नाही. स्थळ पाहायला आलेले पाहुणे, चहाचे कप आणि ‘मुलाच्या डोळ्याला काय झालं होतं?’ हा प्रश्न एवढं पुरेल.

अशा लिखाणात एक काळजी मात्र घ्यावी लागेल. किरण म्हणजे राक्षस, असं लिहून चालणार नाही. याच संभाजीनगरपासून मुंबईपर्यंतच्या हॉस्पिटलांत लाईट घेऊन हजारो लोक घरी चालत जातात. हाड मोडलं तर एक्स-रे काढावाच लागतो, आणि तो परशालाही काढावा लागेल. तेच किरण एकाला तारतात आणि दुसऱ्याला पुढे त्रास देतात, कारण दोघांची शरीरं सारखी नाहीत. ‘इतकी मात्रा सुरक्षित’ हे वाक्य सरासरी माणसाबद्दल असतं. परशा सरासरी नाही. त्याला घाबरवायचं नाही, त्याला वेगळं मोजायचं आहे.

म्हणून ‘श्वास’ आजही बघा, आणि आजोबांबरोबर बघा. अरुण नलावडे यांनी न बोलता जे केलंय ते मराठी पडद्यावर फार कमी वेळा झालंय. होडी किनाऱ्याला लागली की एक प्रश्न स्वतःला विचारा: हॉस्पिटलातून निघताना या आजोबांच्या हातात कुठला कागद होता? एका पानावर चार ओळी लागतात. आजाराचं नाव. दोन्ही डोळ्यांत होता हे. कुठले उपचार झाले, शेक दिला की नाही. पुढे कुणी नवीन दुखण्यासाठी किंवा बाळासाठी कुणाला दाखवायचं. तो कागद रेशनकार्ड आणि आधारकार्ड ठेवलेल्या पिशवीत राहायला हवा, कारण ऊसतोडीला जाताना घरातलं बाकी सगळं मागे राहिलं तरी ती पिशवी सोबत जाते. आणि त्याचा एक फोटो परशाच्या स्वतःच्या फोनमध्ये हवा, तो सोळा वर्षांचा झाला की. आज फोन लिहिलेलं वाचून दाखवतो. आजोबांची जीभ उचलली नाही तरी परशाला ते ऐकता येईल.